तुतनखामेनची दाढी आणि दुरुस्तीची दुरुस्ती

निशिगंधा_क (धागाकर्ती)

मंडळी, नोव्हेंबर २०२५ मध्ये गिझाला ते भलंमोठं ग्रँड इजिप्शियन म्युझियम एकदाचं उघडलं आणि तेव्हापासून प्रत्येक व्हॉट्सॅप ग्रुपवर प्राचीन इजिप्तच्या तुतनखामेन राजाचा सोन्याचा मुखवटा फिरतोय. सगळ्यांना एकच विचारायचं असतं, वजन किती? दहा किलोच्या जरा वर, घ्या. मला मात्र त्या मुखवट्याच्या हनुवटीबद्दल बोलायचंय.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी. ऑगस्ट २०१४ मध्ये हा मुखवटा कैरोच्या तहरीर चौकातल्या जुन्या म्युझियममध्ये होता, तिथे काम चालू असताना त्याची ती लांब गोफासारखी दाढी निखळली. निखळली ती निखळली, वर घाईघाईत इपॉक्सीने चिकटवून टाकली, आपण कपाचा तुटलेला कान ॲरल्डाइटने लावतो ना, अगदी तसं. दाढी वाकडी बसली, हनुवटीशी वाळलेल्या इपॉक्सीचा थर दिसायला लागला, तो खरवडायला गेले तर सोन्यावर ओरखडे. जानेवारी २०१५ मध्ये बातमी फुटली, जगभर हसं झालं, वर्षभराने आठ जणांवर कारवाईही झाली.

आता पुढचा भाग, जो फॉरवर्डमध्ये कधीच नसतो. इपॉक्सी चिकटायला उत्तमच, तीच पंचाईत. एकदा घट्ट झालं की साध्या कुठल्या सॉल्व्हंटमध्ये विरघळत नाही. मग ख्रिश्चन एकमान नावाच्या जर्मन तज्ज्ञाच्या हाताखाली जर्मन-इजिप्शियन टीम बसली, आधी सगळं स्कॅन केलं, मग मुखवटा जरासा गरम करून लाकडी हत्यारांनी ते इपॉक्सी कण कण काढलं. धातूचं हत्यार लावायचंच नाही, सोनं मऊ असतं. ऑक्टोबर २०१५ ला सुरुवात आणि डिसेंबरात मुखवटा परत काचेत. दाढी लावली ती मधमाशीच्या मेणाने, जे इजिप्शियन लोक स्वतःही वापरायचे.

आणि गंमत म्हणजे ही दाढी काही २०१४ मध्ये पहिल्यांदा सुटलेली नाही. १९२५ मध्ये थडगं शोधणाऱ्या हॉवर्ड कार्टरने मुखवटा पाहिला तेव्हाच ती वेगळी होती आणि मुखवट्याला ती पुन्हा लावली थेट १९४० च्या दशकात. म्हणजे २०१५ च्या टीमसमोर राजाच्या सोनाराचं काम होतं, त्यावर चाळीसच्या दशकातली दुरुस्ती होती आणि त्यावर २०१४ चा पराक्रम. मला वाटतं म्युझियममधल्या इजिप्शियन वस्तूंचं निम्मं जतन म्हणजे तीन हजार वर्षांशी लढणं नसतंच, मागच्या शंभर-दीडशे वर्षांत प्रेमाने केलेल्या दुरुस्त्या निस्तरणं असतं. तुम्हाला काय वाटतं? या विषयातलं कोणी असेल तर लिहा प्लीज.

टवाळ_टिंबक्टू

पुरावस्तू खात्यात "चिकटवून टाक रे, साहेब यायच्या आत" हे वाक्य अरबीत कसं म्हणत असतील याचा विचार करतोय.

बाकी धागा मस्त. वाखूसा (वाचनखूण साठवली).

बोरूबहाद्दर

चांगला विषय. मी कागदाच्या जतनाचं काम करतो, पोथ्या, जुने नकाशे, दफ्तरं वगैरे. पपायरसवर (वनस्पतीच्या पट्ट्यांपासून केलेला इजिप्शियन कागद) स्वतः काम केलेलं नाही पण त्यावरचं वाचन आणि चर्चा आमच्यात नेहमी होते कारण दुखणी सारखीच.

तुमच्या मुद्द्याला शंभर टक्के दुजोरा. ब्रिटिश म्युझियममधला अनीचा पपायरस घ्या. मृतांच्या ग्रंथाची (मृताबरोबर ठेवायच्या मंत्रांची) सगळ्यात देखणी प्रत, साधारण २४ मीटर लांब अखंड गुंडाळी होती. १८८८ मध्ये वॉलिस बज यांनी ती मिळवली आणि हाताळायला सोयीचं म्हणून तिचे ३७ तुकडे केले, तेही साधारण सारख्या मापाचे, म्हणजे मजकूर कुठे तुटतो चित्र कुठे तुटतं याची पर्वा नाही. मग ते तुकडे लाकडी फळ्यांवर चिकटवले. त्या काळी हीच पद्धत होती, कोणाला त्यात वावगं वाटलं नाही. आता फळीचं लाकूड आम्ल सोडतं, हवेतल्या दमटपणाने लाकूड एका चालीने हलतं आणि पपायरस दुसऱ्या, आणि मधल्या मध्ये वनस्पतीच्या त्या पट्ट्या तुटतात. शिवाय एकोणिसाव्या शतकात वस्तू सरळ दिवसाच्या उजेडात मांडायचे. हल्ली पपायरस ५० लक्सच्या (लक्स म्हणजे उजेडाचं माप) आसपास ठेवतात, म्हणून ती दालनं अंधारी असतात आणि लोक तक्रार करतात की काही दिसत नाही. दिसत नाही म्हणूनच शिल्लक आहे हो.

आज पपायरसचा तुटलेला भाग जोडायचा तर जपानी टिश्यूची केसासारखी बारीक पट्टी आणि गव्हाच्या स्टार्चची खळ किंवा मिथाइल सेल्युलोज. बस. जरा ओल दाखवली की सुटतं. आमच्या पोथ्यांनाही हेच. आमच्या धंद्यात सगळ्यात मोठा शत्रू विचाराल तर वाळवी दुसऱ्या नंबरवर, पहिल्या नंबरवर सेलोटेप.

निशिगंधा_क

@बोरूबहाद्दर, धन्यवाद, अशाच प्रतिसादाची वाट बघत होते. सेलोटेपचं वाक्य फ्रेम करून लावणार आहे.

मुक्काम_मँचेस्टर

आमच्याकडच्या मँचेस्टर म्युझियममध्ये नेब-सेनूची छोटी मूर्ती आहे, वीतभर असेल, ख्रिस्तपूर्व १८०० च्या आसपासची. २०१३ मध्ये ती बंद काचेच्या कपाटात आपोआप गोल फिरायला लागली, टाइमलॅप्स व्हिडिओ जगभर गेला, फॅरोचा शाप बिप सगळं झालं. दिवसा फिरायची, रात्री गप्प. शेवटी कंपनं मोजली, तर बाहेरच्या ट्रॅफिकने आणि आत फिरणाऱ्या लोकांच्या पावलांनी शेल्फ थरथरायचं आणि मूर्तीचा तळ जरा फुगीर, त्यामुळे ती इतरांपेक्षा जास्त सरकायची. रात्री लोक नाहीत म्हणून शाप पण नाही.

पण यात हसण्यासारखं कमी आहे, अशी कंपनं रंगाच्या पोपड्यांना रोज थोडं थोडं सोडवत असतात.

दुसरं मीठ. इजिप्तचे चुनखडीचे शिलालेख तिकडच्या जमिनीतलं मीठ पोटात घेऊन येतात. कोरड्या वाळूत हजारो वर्षं काही होत नाही. इंग्लंडच्या हवेत आले की दमटपणा वरखाली होतो, साधं मीठ ७५ टक्के आर्द्रतेच्या वर पाणी ओढून विरघळतं आणि हवा कोरडी झाली की परत स्फटिक बनतं, प्रत्येक वेळी दगडाचा वरचा पापुद्रा ढकलत. पूर्वी यावर उपाय म्हणून दगड पाण्यात भिजत घालायचे, मीठ निघायचं खरं, पण ज्या चुनखडीत माती जास्त ती पाण्यात फुगून सुटायची. मीठही गेलं आणि कोरीव कामही. आता शहाणपण असं की मीठ राहू दे आत, हवा हलू देऊ नका.

रोखठोक_राणे

सगळे कार्टरला आणि जुन्या लोकांना नावं ठेवतायत म्हणून दुसरी बाजू मांडतो. एसी ऑफिसात बसून शंभर वर्षांपूर्वीच्या माणसाला शिकवणं सोपंय.

१९२२ ला तुतनखामेनचं थडगं उघडलं. आत पाच हजारांवर वस्तू, एकावर एक रचलेल्या. बाहेर लक्सरचं ऊन. हाताशी काय तर सेती (दुसरा) या राजाच्या रिकाम्या थडग्यात मांडलेली प्रयोगशाळा, आल्फ्रेड ल्युकस नावाचा रसायनतज्ज्ञ आणि आर्थर मेस. मण्यांच्या चपला होत्या, आतला दोरा कुजून गेलेला, हात लावला की नुसते मणी उरणार. त्यांनी वितळलेलं पॅराफिन मेण वर सोडलं, थंड होऊ दिलं आणि अख्खी चपल एका तुकड्यात उचलली. ती शिकारीच्या चित्रांची रंगवलेली पेटी घ्या, बाहेर काढल्यावर काही आठवड्यांत लाकूड आक्रसायला लागलं आणि वरचा गेसो (रंगाखालचा पांढरा लेप) फुगून सुटायला लागला, तिथेही गरम मेणच. कार्टरने लिहून ठेवलंय की जागेवर उपचार केले नसते तर दहावा हिस्साही कैरोला मांडण्यालायक पोचला नसता. मला ते पटतं.

मेणाने रंग गडद होतात, धूळ चिकटते, हे आज कळतंय. तेव्हा पर्याय काय होता ते सांगा.

निशिगंधा_क

@रोखठोक_राणे, मेणाबद्दल मान्य. पण त्याच कार्टरच्या टीमने राजाच्या शवाचं काय केलं तेही लिहा की. अंत्यविधीत ओतलेलं तेल-राळेचं मिश्रण घट्ट होऊन शव सोन्याच्या शवपेटीला चिकटलं होतं, ती आतली पेटीच ११० किलोची. उन्हात ठेवून बघितलं, सुटेना, मग तापवलेल्या सुऱ्या, दिवे, आणि शेवटी शवाचे तुकडे. डोकं मुखवट्यातून सोडवायला पण गरम सुऱ्याच. चपलेला जो धीर दाखवला तो राजाला नाही मिळाला. आणि १९२४ मध्ये सरकारशी भांडण होऊन काम बंद पडलं तेव्हा सोनेरी फुलं टाकलेली ती मोठी लिननची चादर उघड्यावर राहून वाया गेली, ती वेगळीच. त्यात तर रसायनशास्त्राचाही दोष नव्हता, नुसता दोन्हीकडचा इगो.

रोखठोक_राणे

शवाच्या बाबतीत हात वर. चादरीची गोष्ट माहीत होती, म्हणूनच टाळली होती :)

ऋतुजा_दुबईकर

गेल्या हिवाळ्यात गिझाला जाऊन आलो, त्यामुळे राहवत नाही. तुतनखामेनच्या सगळ्या वस्तू आता पहिल्यांदाच एकत्र मांडल्यात, मुखवट्यापाशी ढकलाढकली असते पण मला जास्त आवडली ती सगळ्यात बाहेरची शवपेटी, लाकडाची, वर सोन्याचा मुलामा. गाइडने सांगितलं आणि नंतर वाचलं पण, ही पेटी १९२० च्या दशकापासून थडग्यातच होती, जुलै २०१९ मध्ये पहिल्यांदा बाहेर काढून म्युझियमच्या लॅबमध्ये आणली, आधी किडीसाठी धुरी दिली, मग गेसोचा थर जिथे जिथे सुटलेला तिथे तिथे घट्ट केला. मुलाम्याच्या वस्तूचं सगळं दुखणं त्या मधल्या पांढऱ्या थरात असतं म्हणे, लाकूड हलतं, सोनं वर तरंगत राहतं, आणि मधला बिचारा तडकतो.

खुफूची नौका बघाच. १९५४ मध्ये पिरॅमिडच्या पायथ्याच्या खड्ड्यात सुटी करून ठेवलेली सापडली, १,२२४ तुकडे, आणि अहमद युसुफ या माणसाने ती जोडली, नाईलवरच्या होडी बांधणाऱ्यांकडे जाऊन आधी त्यांचं काम शिकला. फळ्या दोरांनी शिवलेल्या आहेत. कितीदा जोडली कितीदा सोडली तेव्हा कुठे आकार आला. आणि २०२१ मध्ये अख्खी नौका एका लोखंडी पिंजऱ्यात घालून नवीन जागी नेली, तिकडे ते व्हिडिओ लावलेत, माझी मुलगी नौकेपेक्षा ते वाहनच बघत बसली होती.

शंकासुर

एक बाळबोध शंका. मेणाने दाढी लावली म्हणताय, कैरोच्या उन्हाळ्यात वितळणार नाही का?

बोरूबहाद्दर

मधमाशीचं मेण ६२-६४ अंश सेल्सिअसला वितळतं. काचेच्या आत तेवढं तापमान गेलं तर दाढीच्या आधी बाकी बरंच काही वितळलेलं असेल. आणि कमी तापमानाला सुटतं हाच त्याचा गुण आहे. पन्नास वर्षांनी कोणाला काढायची वेळ आली तर थोडी ऊब दिली की काम झालं. सोल्डरला काय ताप द्यावा लागतो ते सोनाराला विचारा.

मार्जारप्रेमी

मला धागाकर्तीच्या मूळ मुद्द्यालाच आक्षेप घ्यायचाय, प्रेमाने.

जुनी दुरुस्ती दिसली की निस्तरायचीच असं नसतं. ब्रिटिश म्युझियमची ती प्रसिद्ध कांस्याची मांजर, कानात नि नाकात सोन्याच्या रिंगा असलेली, गेयर-अँडरसन कॅट. एक्स-रे काढला तेव्हा कळलं की बाईसाहेबांच्या अंगाला जवळजवळ गोल फिरून भेग आहे आणि आतून आधार बसवलाय. मेजर गेयर-अँडरसन यांनी १९३० च्या दशकात विकत घेतल्यावर स्वतःच ही डागडुजी केलेली, वर हिरवा रंग फासून भेगा लपवल्या. आज जी कातडी बघून आपण "व्वा काय जुनं कांस्य" म्हणतो त्यात मेजरसाहेबांचा रंग आहे. तो सगळा काढला तर काय उरेल? त्या मांजरीच्या इतिहासात मेजर पण आलेच की. कधी काढायचं आणि कधी तसंच ठेवायचं हा निर्णय म्हणजेच सगळं काम, हत्यारं काय कोणीही विकत घेईल.

निशिगंधा_क

@मार्जारप्रेमी, सुंदर उदाहरण. पटलंय. माझी कसोटी मग अशी ठेवते, दुरुस्ती वस्तूला आतून खातेय का? अनीच्या फळ्या खातात, २०१४ चं इपॉक्सी काढावंच लागणार होतं, मेजरांचा रंग बहुतेक नुसता बसलाय. नेबामूनच्या थडग्यातली भित्तिचित्रं आठवली, तीही ब्रिटिश म्युझियममध्येच, ११ तुकडे. मूळ मातीच्या गिलाव्यावर काढलेली आणि एकोणिसाव्या शतकात पाठीमागून प्लास्टर ऑफ पॅरिस ओतलेलं. तो जड थर मागून खरवडून काढायला कित्येक वर्षं गेली, मग २००९ मध्ये नवं दालन उघडलं. तिथे पर्याय नव्हता.

सह्याद्रीचा_वारा

रामसेस (दुसरा) या फॅरोच्या ममीला १९७६ मध्ये उपचारासाठी पॅरिसला नेलं तेव्हा त्याचा पासपोर्ट काढला होता आणि त्यावर व्यवसाय "राजा (मृत)" असं लिहिलं होतं. हे लिहिल्याशिवाय धागा पूर्ण कसा होईल?

मुक्काम_मँचेस्टर

तो पासपोर्टचा फोटो बनावट आहे हो, एका वेबसाइटने कल्पनाचित्र म्हणून बनवलेला, आणि पासपोर्टच्या कथेलाही भक्कम कागदोपत्री पुरावा नाही. खरी गोष्ट जास्त चांगली आहे. शवावर बुरशी वाढत होती. विमानतळावर त्याला लष्करी मानवंदना दिली हे मात्र खरंय. नंतर बुरशी मारायला रसायन न फवारता कोबाल्ट-६० च्या गॅमा किरणांचा मारा केला, १९७७ मध्ये, आणि मग परत कैरोला. एप्रिल २०२१ मध्ये २२ राजा-राण्यांची ती मिरवणूक निघाली ना कैरोतल्याच फुस्तातच्या नव्या म्युझियमकडे, त्यात हे महाशय होतेच, सगळे नायट्रोजन भरलेल्या पेट्यांत. ऑक्सिजन नाही तर कीड नाही, बुरशी नाही, रंगही कमी उडतो. कैरोच्या राजशवांसाठी अशा पेट्या गेटी कॉन्झर्वेशन इन्स्टिट्यूटने इजिप्तबरोबर मिळून पूर्वीच तयार केल्या होत्या.

टवाळ_टिंबक्टू

म्हणजे फॅरोला वेफर्सच्या पुड्यासारखं पॅक केलंय.

रोखठोक_राणे

आता कोणीतरी म्हणायच्या आत मीच म्हणतो. इतकं सगळं ज्ञान, आणि सप्टेंबर २०२५ मध्ये काय झालं? तहरीरच्याच म्युझियमच्या दुरुस्तीच्या लॅबमधून आमेनेमोपे राजाचं सोन्याचं कडं गेलं. रोमच्या प्रदर्शनाची तयारी चालू होती. आतल्याच दुरुस्ती विभागातल्या व्यक्तीने नेलं, विकलं, आणि ते वितळवलं. तीन हजार वर्षं टिकलेली वस्तू भट्टीत गेली, लाख-दोन लाख इजिप्शियन पौंडांसाठी. म्हणून लंडनमध्ये आहे ते लंडनमध्येच राहू द्या.

सह्याद्रीचा_वारा

लंडनमध्ये? ऑगस्ट २०२३ विसरलात? ब्रिटिश म्युझियमनेच कबूल केलं की दोन हजारच्या आसपास वस्तू गहाळ, चोरीला किंवा खराब झाल्यात, आणि संशय आतल्याच माणसावर. सुरक्षित कोण हा प्रश्न विचारायचाच असेल तर दोघांना विचारा.

निशिगंधा_क

धाग्याचं काश्मीर करू नका ही नम्र विनंती. वस्तू कोणाच्या यावर वेगळा धागा काढा, मी येऊन भांडेन. इथे एवढंच, की दोन्ही ठिकाणी दुखणं एकच होतं, नोंदी धड नाहीत. लंडनच्या त्या वस्तूंपैकी कित्येकांची नीट नोंदच नव्हती, म्हणून वर्षानुवर्षं पत्ता लागला नाही.

बडोद्याची_सून

सगळं इजिप्त आणि लंडन चाललंय, आपल्याकडच्या ममींचं कोणी बोललंच नाही! आमच्या बडोद्याच्या म्युझियममध्ये सयाजीराव महाराजांनी आणलेली ममी आहे. माहेरचे पाहुणे आले की चिवडा-लाडू झाल्यावर पुढचा कार्यक्रम तोच.

जयपूरच्या अल्बर्ट हॉलमध्ये तूतू नावाची आहे, १८८७ मध्ये कैरोहून आलेली. ऑगस्ट २०२० च्या पावसात तळघरात पाणी शिरलं तेव्हा तिथल्या कर्मचाऱ्यांनी काच फोडून पेटी उचलून वर आणली. त्या लोकांना सलाम. हैदराबादच्या म्युझियममध्ये नाइशू, तिचं २०१६ मध्ये दवाखान्यात सीटी स्कॅन करून मग नायट्रोजनच्या पेटीत ठेवली. प्रश्न असा की आपल्या पावसाळ्यात ममी टिकतात कशा?

बोरूबहाद्दर

अवघड जातं, खरं सांगायचं तर. नुसता दमटपणा असता तरी चाललं असतं, मे महिन्यात कोरडं आणि जूनमध्ये एकदम ९० टक्के हा झोका मारतो. कापड, कातडी, राळ, लाकूड, प्रत्येक जण आपापल्या मापाने फुगतो. शिवाय एसी फक्त दिवसा चालू आणि संध्याकाळी बंद केला की रोजच एक छोटा पावसाळा. मी नेहमी सांगतो, एसी रात्रंदिवस परवडत नसेल तर लावूच नका, त्यापेक्षा पेटी चांगली सीलबंद करा आणि आत सिलिका जेल (ओल शोषणारे खडे) ठेवून ते वेळच्या वेळी बदला. स्वस्त पडतं. फक्त बदलायची जबाबदारी कोणाची ते कागदावर लिहून ठेवायला हवं, नाहीतर दोन वर्षांनी जेल ओल पिऊन गुलाबी होऊन पडलेलं असतं.

कांस्याच्या मूर्तींना तर याहून वाईट. आतलं क्लोराइड ओल मिळाली की जागं होतं, फिकट हिरवी भुकटी उठायला लागते. एकीला झालं म्हणजे शेजारणीला लागेलच असं नाही, पण कपाट तेच आणि हवा तीच, मग काय होणार.

अनुजा_अकरावी

मी अकरावी सायन्सला आहे. हे शिकायचं असेल तर कुठे जायचं? आर्ट्स घ्यायला हवं होतं का? घरी सगळे 'नीट, नीट' (मेडिकलची प्रवेश परीक्षा) करतायत.

बोरूबहाद्दर

सायन्सच चांगलं, उलट केमिस्ट्री लागते. पदवीनंतर दिल्लीला पुरावस्तू जतनाचं पदव्युत्तर शिक्षण मिळतं, लखनौला राष्ट्रीय जतन प्रयोगशाळा आहे, मुंबईत छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाचं स्वतःचं जतन केंद्र आहे, तिथे काय चालतं ते आधी बघून घे. तोवर चित्रकला सोडू नकोस, आमच्यात निम्मा वेळ वस्तूचं रेखाटन करून भेगा नोंदवण्यात जातो. आणि घरी सांग की पगार नीटवाल्यांसारखा नसतो, खोटं बोलून फायदा नाही.

टवाळ_टिंबक्टू

ज्यांना बारावीला केमिस्ट्रीत ५२ पडले त्यांना काही स्कोप?

बोरूबहाद्दर

५२ चालतील. हात थरथरतो का ते सांगा.